आमच्या शाळेचा पाहुणा

नाताळची सुटी संपून शाळा पुन्हां उघडली, त्याच आठवड्यांतील ही गोष्ट. टपालवाल्यानें मुख्याध्यापकांच्या खोलींत एक पार्सल आणून ठेविलें. वर परदेशचीं तिकिटें, भोंवतीं दोरीच्या चार-पांच गांठी, आणि जकातीच्या चिठ्ठीवर मालाचें वर्णन म्हणून एकच शब्द : "खेळणें". गांठी सोडून पाहतों तों आंत वीत-दीड वीत उंचीचें, तपकिरी रंगाचें एक कापडी अस्वल! गळ्यांत निळा रुमाल, पाठीला लहानशी पिशवी, आणि शेजारीं दोऱ्यानें बांधलेली एक जाड वही.

सोबतच्या पत्रावरून उलगडा झाला. स्कॉटलंडमधील एका लहान गांवीं चर्चची शाळा आहे. हें अस्वल त्या शाळेचें लाडकें मानचिन्ह. तेथील मुलांनीं त्याला जगाच्या प्रवासास धाडलें होतें. निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती मंडळ्या व शाळा यांच्याकडे त्यानें जावें, प्रत्येक ठिकाणीं महिना-दीड महिना राहावें, तेथील मुलांबरोबर हिंडावें, आणि आपण काय काय पाहिलें तें यजमानांकडून वहींत लिहवून घ्यावें, अशी ती योजना होती. पत्राच्या शेवटीं एका मुलीच्या अक्षरांत एवढेंच होतें : "कृपा करून त्याला घरच्यासारखें वागवा."

वही उघडून पाहिली. केनियांतील एका शाळेच्या मुलांनीं त्याला शेळीच्या पाठीवर बसविलें होतें व तसें चित्र काढलें होतें. पोर्तुगालमधील एका चर्चच्या गायकमंडळींत तें पेटीवाल्याच्या मांडीवर बसलें होतें. एका पानावर चहा सांडलेला होता, दुसऱ्यावर कोणा चिमुरड्याच्या पांचही बोटांचे ठसे होते. वाचतां वाचतां आमच्याही ओठांवर हंसूं आलें. अस्वलाचा एक कान दुसऱ्यापेक्षां निराळ्या दोऱ्यानें शिवलेला होता. तो कोठें तुटला व कोणीं शिवला, तेंही वहींत नमूद होतें.

मुलांनो, असल्या अस्वलास 'टेडी' कां म्हणतात हें तुमच्यापैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. १९०२ सालीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी प्रांतांत शिकारीस गेले असतां लोकांनीं त्यांच्यापुढें एक अस्वल झाडास बांधून उभें केलें. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्याचें त्यांनीं नाकारलें. वर्तमानपत्रांत त्या प्रसंगाचें व्यंगचित्र आलें, आणि तें पाहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका दुकानदारानें कापडी अस्वल करून विकावयास ठेविलें. रूझवेल्टांचें लाडकें नांव 'टेडी', तेंच खेळण्यास चिकटलें. त्याच सुमारास जर्मनींतही एका कारखान्यांत अशीं अस्वलें होऊं लागलीं होतीं. तात्पर्य, या खेळण्याचा जन्मच मुळीं बांधलेल्या प्राण्याविषयींच्या कणवेंतून झाला.

आणि आम्हीं काय केलें? आम्हीं त्यास कपाटांत बंद केलें.

हें लिहितांना संकोच वाटतो, परंतु खरें तें सांगितलेंच पाहिजे. पाहुण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांनीं आमच्याकडे सोंपविली होती. आमच्या मनांत आलें, शाळेंत शेंकडों मुलें. एवढ्या हातांतून गेल्यास ह्या अस्वलाची काय दशा होईल? परक्यांची वस्तु, हरवली किंवा मळली तर शाळेची काय शोभा राहील? म्हणून दिवाणखान्यांतील काचेच्या कपाटांत, क्रीडास्पर्धांच्या ढाली व चषक यांच्या मधोमध, त्याची स्थापना केली आणि किल्ली आमच्या कमरेस लाविली. मधल्या सुटींत मुलें काचेस नाक लावून उभीं राहत व काचेवर वाफ धरे. ती आम्ही पुसून काढीत असूं. एके दिवशीं तिसरींतील एका मुलानें अगदीं गंभीरपणें विचारलें, "बाई, ह्या अस्वलाला शिक्षा झाली आहे का?" आम्हीं हंसून त्यास वर्गांत पिटाळलें. प्रश्नाचें उत्तर मात्र दिलें नाहीं.

पांच आठवडे असे गेले. मग स्कॉटलंडच्या मुलांचें दुसरें पत्र आलें. पत्र कसलें, प्रश्नांची मालिकाच ती! "आमचें अस्वल सध्यां कोणाबरोबर खेळतें? त्याला तुमच्याकडचें ऊन सोसतें का? त्यानें काय काय पाहिलें?" उत्तर लिहावयास आम्ही त्या रात्रीं वही पुढें ओढली. आमच्या शाळेच्या नांवाचें पान कोरें होतें. अस्वलानें पाहिलें होतें तें एवढेंच : पितळेचे चषक.

खेळण्यास वकील करून परदेशीं धाडण्याची कल्पना आजची नव्हे. ह्या प्रसंगानें आम्हांस तिची सर्वांत मोठी हकीकत आठवली. ती आम्हीं पूर्वीं वाचली होती. त्या रात्रीं पुन्हां वाचून काढली. ती आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही जाणावी म्हणून येथें थोडक्यांत देतों.

सिडनी ग्युलिक नांवाचे एक अमेरिकन मिशनरी होते. १८८८ सालीं ते जपानला गेले, आणि सुमारें पंचवीस वर्षें तेथें राहिले. क्योतो येथील दोशिशा विद्यापीठांत त्यांनीं अध्यापनही केलें. पुढें ते स्वदेशीं परतले, पण तेथें निराळेंच वारें वाहत होतें. १९२४ सालीं अमेरिकेनें जो कायदा केला त्यानें जपानी लोकांस त्या देशांत वसण्यासाठीं येण्याची मनाई झाली. दोन्ही राष्ट्रांचीं मनें आंबलीं. ग्युलिक यांनीं पुष्कळ बोलून व लिहून पाहिलें, परंतु मोठ्या माणसांचीं मनें बदलणें सोपें नसतें. तेव्हां त्यांनीं मुलांकडे दृष्टि वळविली. अमेरिकेंतील चर्चांच्या संयुक्त मंडळाच्या आश्रयानें १९२६ सालीं मुलामुलांत जागतिक स्नेह वाढविण्यासाठीं एक समिति निघाली व तिनें जपानच्या मुलांस बाहुल्या पाठविण्याचें ठरविलें.

बाहुल्याच कां? जपानांत ३ मार्च हा मुलींचा सण. त्या दिवशीं, आपल्याकडे चैत्रगौरीपुढें आरास मांडतात तशी, घरोघर पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर तांबडें वस्त्र अंथरून बाहुल्या मांडतात. त्या सणास आपल्याही बाहुल्या जाऊन पोहोंचाव्या, असा बेत होता. अमेरिकेंतील चर्चें, रविवारच्या शाळा, मुलींचीं मंडळें कामास लागलीं. कोणीं झगे शिवले, कोणीं मोजे विणले. अशा १२,७३९ बाहुल्या तयार झाल्या. प्रत्येकीस स्वतःचें नांव होतें, प्रवासाचें तिकीट होतें, पारपत्र होतें, आणि मुलांच्या हातचें पत्र होतें. १९२७ च्या आरंभीं त्या बोटीनें निघाल्या, आणि ३ मार्च १९२७ रोजीं तोकियो येथें त्यांचें थाटानें स्वागत झालें. नव्वदीकडे झुकलेले जपानचे विख्यात उद्योगपति शिबुसावा एइइची यांनीं ह्या कामीं पुढाकार घेतला होता. तेथून त्या बाहुल्या देशभरच्या प्राथमिक शाळांत व बालवाड्यांत वांटल्या गेल्या. पुष्कळींचे डोळे आडवें केलें कीं मिटत, कांहींच्या पोटांतून आवाज निघे. ज्यांनीं परदेशी माणूस जन्मांत पाहिलें नव्हतें अशा खेड्यांतील मुलांनीं ह्या निळ्या डोळ्यांच्या पाहुणीस हातीं धरिलें.

पाहुणचाराची परतफेड लागलीच झाली. जपानांतील मुलींनीं अगदीं लहान लहान वर्गण्या जमवून ५८ मोठ्या बाहुल्या करविल्या. प्रत्येक सुमारें ८० सेंटिमीटर उंच, अंगांत रेशमी किमोनो, सोबत चिमुकल्या पेट्या व चहाचीं भांडीं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या अमेरिकेस पोहोंचल्या, आणि गांवोगांव सत्कार घेत हिंडून शेवटीं ठिकठिकाणच्या संग्रहालयांत राहिल्या. अमेरिकेंतील समितीनेंही काम थांबविलें नाहीं. पुढील वर्षांत तिनें मेक्सिकोच्या मुलांस दप्तरें पाठविलीं, फिलिपाइन्सच्या मुलांस भेटींच्या पेट्या पाठविल्या.

मग युद्ध थांबलें काय? नाहीं, मुलांनो. १९४१ च्या डिसेंबरांत जपान व अमेरिका यांचें युद्ध जुंपलें. १९४३ सालीं जपानांत त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. शाळाशाळांतून त्या बाहेर काढून जाळण्यांत आल्या; कोठें मुलांकरवीं बांबूच्या भाल्यांनीं त्यांस भोंसकविण्यांत आलें. सोळा वर्षांपूर्वीं ज्यांना गाणीं म्हणून घरांत घेतलें, त्यांनाच आतां अंगणांत अग्नि दिला.

त्याच १९४३ सालीं तोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयांत दुसरी एक करुण गोष्ट घडली. बॉंबहल्ल्यांत पिंजरे फुटून जनावरें मोकाट सुटतील या भीतीनें तेथील मोठीं जनावरें मारण्याचा हुकूम झाला, आणि तेथील हत्तींना उपाशी ठेवून मारावें लागलें. युद्ध संपल्यावर तोकियोच्या मुलांनीं हत्ती मागितला तो कोणाजवळ? आपल्या देशाजवळ! त्यांचीं पत्रें पंडित नेहरूंकडे आलीं, आणि १९४९ सालीं नेहरूंनीं एक हत्तीण त्यांस भेट म्हणून पाठविली. तिला आपल्या कन्येचें नांव दिलें : इंदिरा. दुसऱ्या वर्षीं ती जपानांतील इतर गांवींही हिंडून आली. मोठ्यांच्या वैरानें जें हिरावून नेलें होतें, तें मुलांच्या पत्रांनीं परत आणिलें.

पण आम्हांस विशेष सांगावयाचें आहे तें निराळेंच. १२,७३९ बाहुल्यांपैकीं तीनशेंहून अधिक बाहुल्या आज जपानांत शिल्लक आहेत. त्या राहिल्या कशा? कांहीं शिक्षकांनीं व शाळेच्या सेवकांनीं त्या लपविल्या. कोणीं कपाटाच्या तळाशीं, कोणीं माळ्यावर, कोणीं अडगळीच्या खोलींत. बाहेर कळतें तर त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका येता. पुष्कळ वर्षांनीं, मुख्यत्वें १९७० नंतर, शाळांची आवराआवर करतांना त्या एकेक सांपडूं लागल्या. १९८० नंतरच्या काळांत ग्युलिक यांच्या नातवानें आजोबांचें काम पुन्हां हातीं घेऊन जपानच्या शाळांस नव्या बाहुल्या पाठविण्यास आरंभ केला.

वाचन येथवर आलें आणि आम्ही थबकलों. त्या गुरुजनांनींही कपाटच वापरिलें, आणि आम्हींही कपाटच वापरिलें! त्यांनीं जीव धोक्यांत घालून पाहुणीस जगविलें. आमच्यापुढें धोका कसला होता? मळण्याचा. नुसत्या मळण्याच्या भीतीनें आम्हीं पाहुण्यास कैदेंत टाकलें होतें. आणि मग, कपाटाची ती किल्ली हातांत असतां, चाळीस-बेचाळीस वर्षांमागील एक पेटी आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली.

आमचा जन्म शिरड शहापूरचा. औंढा नागनाथाहून वसमतकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव. त्या वेळीं तें परभणी जिल्ह्यांत मोडे, १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत आहे. गांवांत मल्लिनाथाचें दिगंबर जैन मंदिर आहे व दूरदूरचे यात्रेकरू तेथें येतात. भोंवतीं काळी जमीन, हळद, कापूस, ज्वारी. खेळणीं म्हणाल तर पोळ्याला मातीचे बैल, आणि मुलींना चिंध्यांची बाहुली. आईनें जुन्या लुगड्याचा कांठ घेऊन आम्हांस एक बाहुली करून दिली होती. पोटांत सरकी काढलेला कापूस, काळ्या दोऱ्याचे केस, काजळाचे डोळे. अक्षयतृतीयेस तिचें लग्न लागे व गल्लींतल्या मुली वऱ्हाडी होत.

आमची एक मैत्रीण होती. तिचे आईबाप दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जात, तीही त्यांच्याबरोबर जाई. एके वर्षीं निघण्याच्या दिवशीं ती आमच्या दारांत आली. म्हणाली, "तुझी बाहुली दे की मला संगं. पाडव्याला आणून देते." आम्हीं म्हटलें, "तूं हरवशील." ती म्हणाली, "न्हाई हरवीत. मळू बी देत न्हाई." आम्हीं बाहुली पाठीमागें लपविली. बाहेर ट्रक उभा होता, तिला हांक आली, ती गेली. पाडवा आला तशीं त्यांच्या गल्लींतलीं इतर माणसें परतलीं, तें कुटुंब मात्र परतलें नाहीं. कारखान्याकडेच कोठें राहिलें म्हणून ऐकलें. त्यानंतर ती आम्हांस कधीं भेटली नाहीं. बाहुली आम्हीं पेटींत ठेविली. ती कधीं हरवली नाहीं, कधीं मळली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुख्याध्यापकांपुढें उभ्या राहिलों व आपली चूक सांगितली. सातवीच्या वर्गाची सहल औंढा नागनाथास जावयाची होतीच. तींत अस्वलासही न्यावें व पुढें आमच्या गांवापर्यंत जावें, अशी परवानगी त्यांनीं आनंदानें दिली, वर म्हणाले, "बाई, किल्ली इकडेच ठेवून जा म्हणजे झालें." कपाट उघडलें तेव्हां मुलांनीं जो गलका केला तो पार फाटकापर्यंत ऐकूं गेला असेल.

फेब्रुवारीचे दिवस. औंढ्याचें मंदिर पाहून आम्ही शिरड शहापुरास आलों. अस्वल पाळीपाळीनें मुलांच्या खांद्यावर होतें. गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत तें तासभर होतें. तेथील मुलींनीं त्याच्या कपाळास कुंकू लाविलें. मल्लिनाथाच्या मंदिराचें शिखर त्यानें बाहेरून पाहिलें. मग आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या हळदीवर गेलों. हळद काढून झाली होती. एकीकडे ती वाफेवर शिजत होती, दुसरीकडे शिजलेली हळद उन्हांत पसरली होती. दहा-पंधरा दिवस ती वाळावयाची, मग ढोलांत घालून फिरवून तिची साल व खडबड काढावयाची, तेव्हां तिला बाजारांतली चमक येते. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें शेतकरी दादांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. तेवढ्यांत एका मुलाच्या हातून अस्वल निसटलें व ढोलांतून पडलेल्या भुकटींत जाऊन बसलें! उचलून पाहतों तों उजवा पंजा पिवळाधमक. मुलगा रडकुंडीस आला व आमच्याकडे पाहूं लागला. आम्हीं म्हटलें, "असूं दे. वहींत लिही."

आमची आई आतां पंचाहत्तरीच्या पुढें आहे. अस्वल पाहून ती पदर तोंडास लावून हंसली. "अगं बाई, पूर्वी दरवेशी अस्वल घेऊन यायचा दारात. त्याच्या केसांचा ताईत तुझ्या गळ्यांत बांधला होता मीं, दृष्ट लागूं नये म्हणून. हें आपलें बिनदाव्याचें दिसतें." मुलांस दरवेशी ठाऊक नव्हता. अस्वलें नाचविण्याचा तो धंदा कायद्यानें बंद झाला व आतां उरला नाहीं. नाकांत दोरी घातलेल्या त्या मुक्या प्राण्याची गोष्ट आईनें सांगितली तेव्हां अस्वल ज्याच्या मांडीवर होतें त्या मुलानें त्यास नकळत जवळ ओढलें.

गांवाबाहेर ऊसतोड्यांचा तळ पडला होता. बांबूचा सांगाडा व वर ताडपत्री अशा दहा-बारा कोपी. माणसें फडावर गेलेलीं. मागें म्हातारीं व पोरें. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन उभी होती. अस्वलावरून तिची दृष्टि हालेना. आमच्या एका मुलीनें तें तिच्या हातांत दिलें. भावास खालीं ठेवून तिनें तें नीट न्याहाळलें, पंजाची हळद हुंगली व विचारलें, "हे कुठून आलंय?"

"लांबून. समुद्रापलीकडून," आम्हीं सांगितलें.

"आन् ही वही कशाची?"

"हें जेथें जेथें जातें, तेथली हकीकत ह्यांत लिहितात."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग माझी बी लिवा की, बाई. म्या बी लई गावं फिरले."

आमच्या मुलांनीं वही उघडली. ती सांगूं लागली : बीडकडचें आपलें गांव, मग पाथरी, मग गंगाखेड, मागल्या वर्षीं कर्नाटकांत, औंदा येथें. कोठें पाणी लांब होतें, कोठें रात्रीं कोल्हे ओरडत, कोठें दहा दिवस शाळेंत बसावयास मिळालें. लिहून घेणाऱ्या मुलाचें एक पान भरलें, दुसरें भरलें. आमच्या शाळेच्या नांवाचें तें कोरें पान अशा रीतीनें भरून निघालें. त्या मुलीचें नांव वहींत आहे. येथें देत नाहीं.

आम्ही तशाच आईकडे परतलों. कांहीं बोलण्याची जरूर पडली नाहीं. तिनें पेटी उघडली, तळाशीं हात घातला व जुन्या लुगड्याच्या कांठाची ती बाहुली आमच्या हातीं ठेविली. "किती वर्षं राखूं मी ही?" एवढेंच ती म्हणाली. काजळाचे डोळे फिकट झाले होते, बाकी बाहुली जशीच्या तशी होती.

तळावर जाऊन आम्हीं ती त्या मुलीस दिली. आमच्या मुलांनीं आपल्याजवळची एक नवी वही व पेन्सिल त्यासोबत ठेविली. मुलीनें विचारलें, "पाडव्याला परत द्यायची का?" हा प्रश्न आमच्या कानीं दुसऱ्यांदा पडत होता. आम्हीं म्हटलें, "नको. ही आतां तुझ्याबरोबर फिरेल. हरवली तरी चालेल, मळली तरी चालेल. तिचें काय काय झालें तें मात्र वहींत लिही." तिनें मान हालविली. बस निघाली तेव्हां ती भावास बाहुली दाखवीत होती, आमच्याकडे तिचें लक्षही नव्हतें.

अस्वल मार्चांत पुढील मुक्कामास रवाना झालें. वहीच्या त्या पानांचें इंग्रजी भाषांतर करून आम्हीं एक प्रत स्कॉटलंडलाही पाठविली, आणि पंजा पिवळा झाल्याबद्दल क्षमा मागितली. उत्तर आलें : "तो पंजा आम्ही कधींही धुणार नाहीं. पण ती मुलगी आतां कोठें आहे? तिची शाळा कोठली?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. दुसऱ्याचें होतें, पण तें आनंदाचें नव्हतें : जी मुलगी वर्षाचे पांच-सहा महिने फडाफडावर असते, तिच्या पटावरच्या नांवापुढें त्या दिवसांत गैरहजेरीच लागते. आमच्या सातवीच्या मुलांनीं मात्र तेवढ्यावर थांबूं दिलें नाहीं. शाळेपासून कोसभरावर दुसरा एक तळ पडतो. तेथें शनिवारीं दुपारीं कांहीं मुलें आमच्याबरोबर येतात, पाटी-पेन्सिल घेऊन बसतात. काम लहान आहे. पुढील हंगामांतही तें चालावें, अशी पालकांस आमची विनंति आहे. त्यांनीं आपल्या मुलांस तेथें येऊं द्यावें.

एका कापडी अस्वलानें आमच्या शाळेला हें शिकविलें. बाहुल्यांनीं युद्धें थांबत नाहींत, हें १९४३ सालानें दाखविलें आहे. परंतु ज्याच्या हातांत एकदां परक्याची बाहुली आली, तो तिला जाळतांना निदान एकवेळ थबकतो, आणि त्यांतलाच एखादा ती लपवून ठेवितो, हेंही त्याच सालानें दाखविलें. आमच्या दारीं पुन्हां कोणी पाहुणा आला, मग तो समुद्रापलीकडचा असो कीं शेजारच्या जिल्ह्यांतला, तर त्यास काचेआड ठेवावयाचें नाहीं, एवढें आम्हीं ठरविलें आहे.

काचेचें तें कपाट अजून तेथेंच आहे. ढाली आहेत, चषक आहेत, मधली जागा रिकामी आहे. परवां तिसरींतला तो मुलगा, आतां चौथींत गेलेला, काचेसमोर उभा होता. आम्हांस पाहून म्हणाला, "बाई, सुटलें एकदांचें!"